भीती मोजायची कुणाच्या पट्टीने?

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदवली गेली. दोनच दिवसांनी राज्याच्या गृह राज्यमंत्र्यांनी पत्रकारांना सांगितलं की घटना शांतपणे घडली, झटापट किंवा विरोध झाला नाही, म्हणून आजूबाजूच्या कुणाला काही कळलं नाही. टीकेचा भडिमार झाल्यावर, पोलिसांनी दिलेली माहितीच आपण सांगितली, असा खुलासा त्यांनी केला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. तो माझा विषय नाही. माझा विषय आहे त्यानंतर झडलेला वाद. 'ओरडली का नाही, पळाली का नाही' असं विचारणारे एका बाजूला होतेच. पण त्यांना उत्तर देणाऱ्यांचेही दोन तट पडले, आणि दोघांचं काहीतरी चुकतंय. एक तट म्हणतो, बाईचा मेंदूच असा घडलाय की संकट आलं की ती थिजते. आघातानंतरचा मानसिक विकार, म्हणजे पीटीएसडी, बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट आढळतो, हा घ्या पुरावा. दुसरा तट म्हणतो, मेंदूचं नावच काढू नका. ते काढलंत की 'बाई मुळातच भित्री' यावर शास्त्राचा शिक्का बसलाच म्हणून समजा.

माझं म्हणणं असं आहे की स्त्रियांच्या मेंदूत भीती आणि आघात नेमकं काय करतात, याचा अभ्यास आजवर झाला त्यापेक्षा कितीतरी जास्त व्हायला हवा. तो झाला नाही म्हणूनच पुरुषाची प्रतिक्रिया, आणि प्रयोगशाळेत नर उंदराची, ही भीतीची अधिकृत प्रतिक्रिया होऊन बसली. त्या पट्टीत न बसणारी प्रत्येक मादी मग एकतर घाबरलेलीच नव्हती असं ठरलं, नाहीतर जरा जास्तच घाबरट ठरली.

ही पट्टी न्यायालयात कशी चालते ते महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिचं वय डॉक्टरांच्या अंदाजाने १४ ते १६. (हा खटला सगळीकडे त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो; ते नाव इथे मुद्दाम लिहीत नाही.) मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं आणि भीतीपोटी असहायपणे शरणागती पत्करणं म्हणजे संमती नव्हे, असं स्पष्ट म्हटलं. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा जे झालं ते शांततेत झालं, असा तो तर्क होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन उभं राहिलं, १९८३ मध्ये कायदा बदलला. स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती गृहीत धरता येणार नाही, हे वाक्य कायद्यात स्वच्छपणे यायला मात्र २०१३ उजाडलं. आणि कायद्यात वाक्य आलं म्हणून डोक्यातली पट्टी बदलते असं थोडंच आहे? जून २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका जामीन आदेशात, अत्याचारानंतर थकून झोप लागली हे तक्रारदार बाईचं सांगणं भारतीय स्त्रीला न शोभणारं आहे, असं नोंदवलं गेलं. ओरड झाल्यावर तो शेरा काढून टाकण्यात आला, एवढंच.

आता प्रयोगशाळेत या. भीतीच्या अभ्यासाची ठरलेली पद्धत सोपी आहे. उंदराला एक आवाज ऐकवायचा, पाठोपाठ पायाला विजेचा हलका झटका द्यायचा. काही वेळा असं झालं की नुसत्या आवाजानेच उंदीर जागच्या जागी थिजतो. किती सेकंद थिजला, तेवढी त्याची भीती. पुढे झटका न देता तोच आवाज पुन्हापुन्हा ऐकवला की भीती ओसरायला हवी; ती न ओसरणं म्हणजे आघाताच्या विकाराचं छोटं प्रतिरूप. मेंदूच्या आतला अमिग्डाला हा भाग धोक्याची खूण कशी पटवतो, कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स त्याला लगाम कसा घालतो, थिजण्याचा हुकूम मध्यमेंदूतल्या पेरिॲक्वेडक्टल ग्रे या भागातून कसा सुटतो, हे सगळं ज्ञान मुख्यतः अशा प्रयोगांतून आलं. आणि हे उंदीर कोण? बहुतांशी नर. २००९ सालच्या शोधनिबंधांची मोजदाद करून ॲनालिझ बीरी आणि अर्विंग झकर यांनी २०११ मध्ये दाखवलं की मेंदूविज्ञानात फक्त माद्यांवरच्या एका अभ्यासामागे फक्त नरांवरचे साडेपाच अभ्यास होते. कारण काय, तर माद्यांचं हार्मोनचं चक्र असतं, त्यामुळे आकडे इकडेतिकडे उड्या मारतात. गंमत अशी की हे कुणी तपासलंच नव्हतं. २०१४ मध्ये झकर यांच्याच गटाने २९३ शोधनिबंधांतली मोजमापं एकत्र करून पाहिली, तेव्हा माद्यांच्या आकड्यांतली चढउतार नरांपेक्षा जास्त निघाली नाही. नरांनाही हार्मोन असतात, त्यांच्यातही मारामाऱ्या आणि वरचढपणाची उतरंड असते, हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

२०१५ मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात रेबेका शॅन्स्की यांच्या गटाने माद्यांकडे नीट पाहिलं. झटक्याची सूचना देणारा आवाज होताच काही उंदीर थिजण्याऐवजी पिंजऱ्यात सुसाट धावत सुटत होते, आणि असं करणाऱ्यांत माद्यांचं प्रमाण नरांच्या चौपट होतं. थिजण्याचे सेकंद मोजणाऱ्या जुन्या पद्धतीत या माद्यांची नोंद 'घाबरली नाही' किंवा 'शिकली नाही' अशीच झाली असती. या धावण्याचा अर्थ काय, यावर अजून वाद आहे. ती शिकून आलेली प्रतिक्रिया नसून अचानक आवाजाने दचकणं असावं, असं दाखवणारे प्रयोगही पुढे झाले. ते काहीही ठरो, माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. प्रयोगशाळेची पट्टी थिजण्याची, आणि धावणारी मादी तिच्यात बसली नाही. न्यायालयाची पट्टी झुंजण्याची, आणि थिजलेली मुलगी तिच्यात बसली नाही. दोन वागणुकी एकमेकींच्या अगदी उलट, चूक मात्र दोन्हीकडे एकच: घाबरलेलं शरीर कसं दिसतं हे बघण्याआधीच ठरवून टाकलेलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो इतिहासातून, आणि तो वजनदार आहे. बायकांच्या मेंदूबद्दल शास्त्रज्ञ जेव्हा जेव्हा उत्साहाने बोलू लागले, तेव्हा तेव्हा पुढे बायकांचंच काहीतरी काढून घेतलं गेलं. १८८७ मध्ये जॉर्ज रोमेन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्त्रीचा मेंदू सरासरी पाच औंसांनी हलका असल्याचं लिहिलं आणि त्यातून तिच्या बुद्धीचं माप काढलं. अमेरिकेत विल्यम हॅमंड हे लष्कराचे माजी सर्जन जनरल तेच सांगत होते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को उन्मादाच्या (हिस्टेरियाच्या) रुग्ण म्हणून ज्या बायकांना प्रेक्षकांपुढे उभं करत, त्यांच्या पूर्वायुष्यात काय घडलं होतं याची चौकशी त्या प्रात्यक्षिकांत बसत नव्हती. फ्रॉईडने १८९६ मध्ये एकदा म्हटलं की या विकाराच्या मुळाशी लहानपणीचे लैंगिक अत्याचार आहेत, आणि पुढच्याच वर्षी एका खासगी पत्रात त्याने ते मागे घेतलं. आपल्याकडेही फार वेगळं नाही. जुलै २०२४ मध्ये पाळीच्या रजेची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा अशी रजा सक्तीची केली तर बायकांना नोकरीवर घेणंच लोक टाळतील, अशी भीती न्यायालयाने व्यक्त केली. 'शरीर वेगळं' म्हटलं की 'म्हणून बाजूला बसा' हे ओघाने येतं, असं ज्यांना वाटतं त्यांचं वाटणं अनुभवातून आलेलं आहे.

पण हॅमंडला उत्तर कुणी दिलं आणि कसं, हे पाहण्याजोगं आहे. हेलन हॅमिल्टन गार्डनर नावाच्या अमेरिकन लेखिकेने 'मेंदू तोलू नका' असं म्हटलं नाही. ती न्यूयॉर्कमधल्या मेंदूतज्ज्ञांकडे गेली आणि विचारलं, नुसता मेंदू समोर ठेवला तर तो बाईचा की पुरुषाचा हे तुम्ही खात्रीने सांगाल का? तसं सांगता येत नाही, हे तिने त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं आणि १८८८ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत मांडलं. १९२५ मध्ये ती वारली तेव्हा तिचा मेंदू तिच्याच इच्छेनुसार कॉर्नेल विद्यापीठाला अभ्यासासाठी दिला गेला. वाईट शास्त्राला तिने जास्त चांगल्या शास्त्राने खोडलं. मैदान सोडून दिलं असतं तर ते हॅमंडच्याच ताब्यात राहिलं असतं. आज आपण 'मेंदूबद्दल बोलू नका' म्हणतो तेव्हा दुसरं काय करतो?

दुसरा आक्षेप मला त्याहून अवघड वाटतो. तो म्हणतो, पीटीएसडी दुप्पट आहे कारण बायकांवर होणारे आघात वेगळे आहेत. मेंदूत कशाला शोधता? यातला बराचसा भाग खरा आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेल्या स्त्रिया १०.४ टक्के होत्या आणि पुरुष ५ टक्के, पण एखाद्या तरी भीषण प्रसंगाला सामोरे गेलेले पुरुषच जास्त होते: ६१ टक्के, तर स्त्रिया ५१ टक्के. भित्रेपणाचा सिद्धान्त मांडणारे इथेच थांबतात. त्याच पाहणीत पुढचा आकडा आहे. बलात्कार हा आयुष्यातला सर्वांत वाईट प्रसंग असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी ४६ टक्के स्त्रियांना पीटीएसडी झाला होता, आणि पुरुषांपैकी ६५ टक्क्यांना. असे पुरुष संख्येने थोडे होते, त्यामुळे या फरकावर फार भार टाकू नये. पण 'पुरुषाचा मेंदू कणखर' हे म्हणणं त्यापुढे टिकत नाही. शिवाय प्रयोगातला झटका संपतो, घरातला संपत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. ज्याच्यामुळे भीती बसली तो रोज संध्याकाळी घरी येत असेल, तर ती ओसरत नाही यात मेंदूचा काय दोष? उलट मेंदू चोख काम करतोय.

तरीही आक्षेपाचं शेवटचं पाऊल मी टाकणार नाही. 'समाज की शरीर' अशी वाटणीच मुळात खोटी आहे. मार शरीरालाच बसतो, आणि त्याची नोंद होते तीही शरीरातच. डेब्रा बँगासर आणि रीटा व्हॅलेंटिनो यांनी २०१० मध्ये उंदरांत दाखवलं की ताणाचं रसायन मेंदूतल्या जागेपणाच्या केंद्रावर आदळतं तेव्हा नरांच्या पेशी ते झेलणारे रिसेप्टर थोडे आत ओढून घेतात आणि मारा कमी करतात; माद्यांच्या पेशी तसं करत नाहीत. ताण तोच, बचाव वेगळा. अटलांटाच्या ग्रेडी रुग्णालयातल्या गरीब, आघातांनी वेढलेल्या रुग्णांवरच्या २०११ च्या अभ्यासात पीएकॅप या रसायनाचं रक्तातलं प्रमाण आणि पीटीएसडी यांचा संबंध स्त्रियांमध्ये आढळला, पुरुषांत नाही. त्याच्याशी जोडलेला जनुकातला बदल नेमका इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन जिथे येऊन बसतं त्या जागी होता. पुढच्या अभ्यासांनी त्याला कधी दुजोरा दिला, कधी नाही. मोहम्मद मिलाद या मेंदूसंशोधकाच्या गटाने दाखवलं की अंगात इस्ट्रोजेन जास्त असताना 'आता धोका नाही' हा धडा बायकांना आणि माद्यांना जास्त चांगला लक्षात राहतो, कमी असताना विसरतो. म्हणजे पाळीच्या चक्रातल्या वेगवेगळ्या दिवशी केलेल्या उपचाराचा परिणाम वेगवेगळा होऊ शकतो. हे जर पक्कं ठरलं, तर समुपदेशनाच्या तारखा ठरवताना ते विचारात घेणं हा बाईचा अपमान आहे की तिची सोय?

भीतीच्या विकाराला मान्यता कशी मिळाली, हाही इतिहास या वाटणीवर प्रकाश टाकतो. पहिल्या महायुद्धात धडधाकट तरुण थरथरू लागले, मुके झाले, तेव्हा चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्ये 'शेल शॉक' हे नाव छापून आणलं आणि तोफगोळ्याच्या हादऱ्याशी त्याचा संबंध जोडला. १९७४ मध्ये ॲन बर्जेस आणि लिंडा होमस्ट्रॉम यांनी बोस्टन सिटी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात आलेल्या ९२ बलात्कारपीडित स्त्रियांच्या मुलाखतींवरून जी लक्षणं नोंदवली, ती युद्धावरून परतलेल्यांशी जुळणारी होती: दुःस्वप्नं, दचकणं, प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येणं. १९८० मध्ये पीटीएसडी अमेरिकेतल्या मानसिक विकारांच्या अधिकृत यादीत आला तो मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. त्याच्या व्याख्येत अट होती की प्रसंग माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडचा हवा. सैनिकाला ती लागू पडते. रोज मार खाणाऱ्या बाईचं काय? तिचा तर तो नेहमीचाच अनुभव. १९९४ मध्ये ही अट काढून टाकली गेली.

तिसरा आक्षेप शास्त्रज्ञांच्याच गोटातला आहे, आणि आपल्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो कान देऊन ऐकावा. थिजण्याच्या शास्त्राचा आता गाजावाजा जास्त होतोय. अमेरिकेत महाविद्यालयांच्या चौकशी समित्यांना दिलेल्या प्रशिक्षणात, पीडितेचं वागणं कसंही असो, ते आघाताचंच लक्षण, असं शिकवलं गेलं आणि २०१७ च्या सुमारास त्यावर रास्त टीका झाली. स्टॉकहोमच्या एका विशेष केंद्रात आलेल्या जवळपास ३०० स्त्रियांच्या २०१७ च्या अभ्यासात ७० टक्के जणींनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात निश्चल झाल्याचं सांगितलं, आणि अशांना पुढे पीटीएसडीचा धोका जास्त निघाला. हा आकडा मोठा आहे, देसाईगंजचा तर्क मोडून काढायला तो पुरेसा आहे. पण त्याचा अर्थ ३० टक्के तशा थिजल्या नाहीत असाही होतो. उद्या 'खरी पीडिता थिजतेच' अशी नवी पट्टी न्यायालयात रुजली, तर जी चावली, ओरबाडली, पळाली, तिच्यावर संशय घेतला जाईल. डॅफ्ना जोएल यांनी २०१५ मध्ये १,४०० हून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासून दाखवलं की नखशिखांत 'बायकी' किंवा 'पुरुषी' मेंदू फार थोड्यांचे असतात. बहुतेकांत सरमिसळ असते. सरासरीतला फरक खरा असू शकतो आणि तरी समोरच्या एका बाईबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून तज्ज्ञाने साक्षीत सांगावं ते इतकंच: प्रतिकार न दिसणं याने संमती सिद्ध होत नाही. अत्याचार झालाच, हे मेंदूविज्ञान सांगू शकत नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याला थांबवावं.

जाता जाता पुरुषांचाही मुद्दा, कारण हा सगळा खटाटोप फक्त बायकांसाठी आहे असं समजून बरेच वाचक एव्हाना निघून गेले असतील. सर्ट्रालिन या औषधाला अमेरिकेत १९९९ मध्ये पीटीएसडीसाठी मान्यता मिळाली. ज्या चाचण्यांवरून ती मिळाली त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि आकडे वेगळे काढल्यावर परिणाम स्त्रियांमध्येच दिसला. थोड्या संख्येने असलेल्या पुरुषांत जवळपास नाही, हे औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेलं आहे. फरक लिंगाचा की आघाताच्या प्रकाराचा, हे त्यावरून ठरत नाही. पण आकडे वेगळे काढलेच नसते तर प्रश्नही पडला नसता.

आणि आपण कुठे आहोत? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. अटलांटा आणि स्टॉकहोमचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत, कारण इथल्या बायकांच्या शरीरांचा इतिहास वेगळा आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. खाडा झाला की दंड, उचल फेडायची चिंता आणि पाळीचा अडथळा नको, हे त्यामागचं अर्थकारण सगळ्यांना ठाऊक झालं. पण गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले असतील, तर या बायकांचं इस्ट्रोजेन ऐन तारुण्यात तुटलं. भीती ओसरण्यात इस्ट्रोजेनचा हात असेल, तर फडावर, टोळीत, घरात जे त्यांच्या वाट्याला आलं त्याची भीती त्यांच्या डोक्यातून किती ओसरली? 'सगळं समाजाचं आहे' म्हणणाऱ्याला हा प्रश्न सुचणार नाही, कारण तो हार्मोनपर्यंत येणारच नाही. 'बाईचा मेंदू भित्रा' म्हणणाऱ्यालाही सुचणार नाही, कारण तो मुकादमापर्यंत जाणार नाही. उत्तर काढायला फार मोठी यंत्रसामग्रीही लागत नाही: शस्त्रक्रियेचे कागद, रक्ताची तपासणी, मराठीत नीट बसवलेली प्रश्नावली आणि विश्वासाने बोलायला गावातलीच एखादी आशाताई. अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय त्याच जिल्ह्यात आहे, आणि गाळप संपलं की टोळ्या पावसाळ्यापूर्वी गावी परततात.